एका घरात तीस मैल

(पडद्यावर: जुन्या नकाशाचा जवळून घेतलेला तुकडा. सहा कोनांच्या घरांची जाळी, त्याखाली नद्या, जंगलं, डोंगर.)

हा नकाशा १९८० सालचा. काढला डार्लीन एवढ्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या चित्रकर्तीनं. जगाचं नाव ग्रेहॉक. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळासाठी रचलेलं हे काल्पनिक जग. यातलं एक घर म्हणजे तीस मैल. पायी निघालात तर दिवसभरात एवढं अंतर तोडताना दमछाक होईल.

नकाशासोबत एक पुस्तिका मिळायची, ३२ पानांची. एवढ्यात अख्खा खंड बसवलेला. एकेका राज्याच्या वाट्याला जेमतेम परिच्छेद-दोन परिच्छेद: गादीवर कोण, राजधानी कुठली, वस्ती किती, कुणाशी वैर. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

(पडद्यावर: टेबल, वीस बाजूंचा फासा, पेन्सिली, चहाचे कप.)

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. चार-पाच जण जमले, मोठी मोहीम, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, चालवायची ठरली, की पहिली चर्चा जगाचीच होते. सगळ्यांना 'नेहमीचं'च हवं असतं. टोकदार कानांचे एल्फ हवेत, बुटके ड्वार्फ हवेत, पडका किल्ला हवा, त्याच्या पोटात तळघर हवं आणि तळघराच्या तळाशी ड्रॅगन. मागणी साधी आहे. पंचाईत अशी, की ती पुरवणारी जगं भरपूर आहेत.

हा खेळ छापून आला १९७४ साली, पण त्याची जगं त्याआधीची. मिनेसोटात खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, यांचं ब्लॅकमूर हे जग सुरू झालं होतं. ते बघून विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात दुसरे कर्ते गॅरी गायगॅक्स यांनी १९७२ मध्ये ग्रेहॉकच्या किल्ल्याखालची तळघरं आखली. त्यात पहिली उतरली ती त्यांचीच मुलं. तिकडे कॅनडात एड ग्रीनवुड नावाचा मुलगा साठच्या दशकातच, म्हणजे खेळाचा पत्ताही नसताना, स्वतःच्या जगातल्या गोष्टी लिहीत होता. ते जग १९८७ मध्ये पेटीबंद होऊन बाजारात आलं: फरगॉटन रेल्म्स.

रेल्म्स आज सगळ्यांच्या ओळखीचं. बाल्डर्स गेट हे शहर व्हिडिओ गेममुळे घराघरांत पोचलंय. वॉटरडीप शहरातल्या एका खानावळीत मधोमध विहीर आहे आणि तिच्यातून खाली तळघरात उतरता येतं. अशी जागा आयती मिळत असेल तर नाही कोण म्हणेल? पण या जगावर दोनशेहून जास्त कादंबऱ्या आहेत. टेबलावर एखादा तरी असा बसलेला असतोच, ज्यानं त्यातल्या पन्नास वाचल्यात. तुम्ही एखाद्या सरदाराला मारता आणि तो म्हणतो, "अरे, पण तो तर अजून शंभर वर्षं जगणार आहे ना!" झालं. खेळ राहतो बाजूला.

ड्रॅगनलान्स या आणखी एका जगाची तऱ्हा वेगळी. १९८४ पासूनच्या त्या मोहिमांत युद्धही ठरलेलं आणि ते लढणारे वीरही ठरलेले. गोष्ट सुरेख आहे, पण ती दुसऱ्यांची आहे.

म्हणून आमचं मत सरळ आहे: पहिल्यांदाच मोठी मोहीम चालवत असाल, तर ग्रेहॉक घ्या. तेही जुनं, पातळ.

(पडद्यावर: एका खेडेगावाचा नकाशा. घराघराला क्रमांक.)

एवढ्या मोठ्या नकाशातून सुरुवात कुठून करायची, तर या गावातून. हे हॉमलेट. गायगॅक्स यांनी ते १९७९ मध्ये प्रसिद्ध केलं. घरागणिक माहिती: इथं कोण राहतं, गाठीला पैसा किती, देव कुठला मानतात. जुन्या पंथाचा ड्रुइड, म्हणजे निसर्गपूजक पुजारी, आपल्या राईत, नव्या देवाचे लोक देवळात, आणि गाव दोघांना सांभाळून. एक जादूगार आणि त्याचा लढवय्या जोडीदार गावाबाहेर गढी बांधतायत. बांधकाम अर्ध्यावर. आणि गावातले दोन व्यापारी, ज्यांच्याकडून खेळाडू बिनधास्त दोरखंड नि मशाली विकत घेतात, ते शत्रूचे हेर!

गंमत पुढेच आहे. जवळच्या एका दुष्ट देवळाची मोहीम याच्या पाठोपाठ येईल, असं सांगितलं होतं. ती यायला १९८५ उजाडलं. मधल्या सहा वर्षांत हॉमलेट खेळणाऱ्यांनी करायचं काय? ज्याला धीर नव्हता त्यानं आपलं देऊळ आपणच रचलं. प्रकाशकाची दिरंगाईच ती, पण खेळ चालवणाऱ्यांच्या ती पथ्यावर पडली असं आम्हाला वाटतं.

ग्रेहॉकमध्येही नंतर भर पडत गेली. १९९१ मध्ये त्यावर महायुद्ध लादलं गेलं, सीमा बदलल्या, राज्यं बुडाली. ते वाचायला हरकत नाही, टेबलावर आणायची गरज नाही. खेळ चालवणाऱ्यासाठी २०२४ मध्ये आलेल्या डंजन मास्टर्स गाइड या पुस्तकात नमुन्याचं जग म्हणून ग्रेहॉकच दिलंय, सोबत मोठा नकाशाही आहे. काळ पुन्हा तोच: त्या जगाच्या पंचांगातलं ५७६ वं वर्ष, युद्धाच्या आधीचं.

तेव्हा पहिल्या बैठकीआधी खंडाचा इतिहास पाठ करत बसू नका. नकाशावरचं एक घर निवडा. त्यात एक गाव, एक पडकी गढी आणि एकमेकांशी न पटणारी दोन माणसं ठेवा. शेजारच्या घरात काय आहे, असं कुणी विचारलंच, तर गावातल्या गुत्त्यावर ऐकलेली एक अफवा सांगा आणि ती चटकन आपल्या वहीत टिपून ठेवा. पुढच्या शनिवारी ते तिकडेच निघणार.