भरतीच्या वेळी उतरायचे कुठे?

आज अमावास्या आहे आणि दुपारचे बारा वाजत आले आहेत. खाडीकाठच्या जाणत्या कोळ्याला भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. हिशेब ढोबळ असला तरी पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी त्यावर चालली आहे. नवी मुंबईत नेरूळला, टी. एस. चाणक्य संस्थेच्या मागच्या पाणथळीवर उभे राहिले, की पक्षीही हाच हिशेब पाळताना दिसतात.

कांदळवनाच्या शेंड्यांवरून आधी एक फिकट रेघ येते, मग ती वाकते आणि खाली उतरताना अचानक गुलाबी होते, कारण रोहिताच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, पंखांतला खरा रंग पंख उघडल्यावरच दिसतो. पाय पाण्याला टेकले की दोन-चार पावले धावून पक्षी थांबतो, मान पिसांत खुपसतो आणि एका पायावर झोपी जातो. येथे तो मुख्यतः खाण्यासाठी आलेला नाही. त्याचे ताट खाडीच्या चिखलात आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की तो डोके उलटे करून चोच पाण्यात फिरवतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक गाळणीतून शेवाळ गाळून घेतो. उधाणाच्या भरतीला मात्र खाडीत चार मीटरहून अधिक पाणी चढते, तो चिखल पार बुडतो, आणि हजारो पक्ष्यांना काही तास उथळ, मोकळे, निर्धोक पाणी जवळच हवे असते. सीवूड्‌स-नेरूळच्या पाणथळी म्हणजे हे काही तास.

दर वर्षी साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत रोहित येथे असतात आणि त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. ठाणे खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळीचा, आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण अभयारण्याची रेषा खाडीत आखलेली आहे आणि भरतीच्या वेळचा आसरा त्या रेषेबाहेर आहे. घरातले स्वयंपाकघर वारशाने मिळावे आणि झोपायची खोली दुसऱ्याच्या नावावर असावी, तसे हे झाले आहे.

रेषेबाहेरची ही बाजू नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या नियोजनाखालची आहे. 1970 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने आगरी-कोळी गावांची शेते, मिठागरे आणि खाजणे संपादून नवे शहर वसवले. पाम बीच मार्ग झाला आणि त्याच्या कडेने इमारतींची उंची वाढत गेली, कारण खाडी दिसणाऱ्या खिडकीला येथे वेगळा भाव आहे. एनआरआय या निवासी संकुलामागच्या पाणथळीवर गोल्फ मैदान आणि निवासी इमारती उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा काही रहिवासी न्यायालयात गेले. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. दरम्यान, महापालिकेच्या विकास आराखड्यात या पाणथळींच्या जागी निवासी वापर दाखवल्याचे नागरिकांच्या लक्षात आले. नकाशात निवासी वापराचा रंग पिवळा असतो. निळ्याचा पिवळा कसा झाला, हा प्रश्न घेऊन लोकांनी हरकती नोंदवल्या आणि रविवारच्या सकाळी पाणथळीच्या बांधावर मानवी साखळ्या केल्या.

या साखळ्यांत उभे राहणारे अनेक जण स्वतः उंच इमारतींतच राहतात, आणि विरोधक त्यांना हे ऐकवल्याशिवाय राहत नाहीत. टोमणा अगदीच बिनबुडाचा नाही. पण ज्याच्या खिडकीखालचे पाणी आटते, त्याला ते आधी दिसते, हेही तितकेच खरे. दुसरा युक्तिवाद असा, की ही नैसर्गिक पाणथळ नसून नियोजित जमिनीवर शिरलेले खाडीचे पाणी आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने या भेदाला काही अर्थ नाही. माणसांच्या दृष्टीने मात्र त्याला फार अर्थ आहे, कारण पाण्याची वाट एकदा बंद झाली की पाणथळ ही पाणथळ राहत नाही, आणि मग तिथे बांधायला हरकत कसली?

डीपीएस शाळेजवळच्या तलावावर हे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळाले. खाडीतून तलावात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग बुजला, पाणी साचून खालावले, आणि 2024 च्या उन्हाळ्यात त्या परिसरात रोहित मरून पडू लागले. गोंधळलेले काही पक्षी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी 20 मे रोजी घाटकोपरच्या आकाशात प्रवासी विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले. त्या अपघाताचा दोष या एका तलावाला देता येणार नाही. परंतु पाणथळी नष्ट केल्यास विस्थापित पक्षी नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या परिसरात उतरू शकतात आणि विमानांना धोका संभवतो, असे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक पूर्वीपासून सांगत आले होते. पक्ष्यांविषयी ज्यांना ममत्व नाही, त्यांनाही विमानात बसावे लागते.

एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाच्या सुमारे 30 एकर क्षेत्राला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. आंदोलकांच्या दृष्टीने हे मोठे यश आहे, आणि ते त्यांनी चिकाटीने मिळवले आहे. पण 30 एकरांत सगळे पक्षी मावत नाहीत. म्हणूनच टी. एस. चाणक्य आणि एनआरआय या पाणथळींनाही तसाच दर्जा मिळावा, अशी त्यांची मागणी आहे. महापालिका स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवते, चौकाचौकांत गुलाबी पुतळे उभे करते, तेव्हा ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

तीन वाजून गेले आहेत. खाडीतला चिखल उघडा पडू लागला असावा, कारण पाणथळीच्या पलीकडच्या टोकाला माना वर येऊ लागल्या आहेत. एक टोळी धावत उठते, इमारतींच्या काचांवरून तिचे गुलाबी प्रतिबिंब सरकते आणि कांदळवनापलीकडे दिसेनासे होते. पुढची भरती मध्यरात्रीनंतर आहे. त्या वेळी हे पक्षी पुन्हा येथे येतील, अंधारात, समोरच्या खिडक्यांतले दिवे चालू असताना.