येळवसची सुट्टी

[दृश्य: पहाट. ज्वारीच्या रानातून डोक्यावर बिंदगं घेऊन चालत येणारा माणूस]

औसा तालुक्यातलं काळं रान. ज्वारी निसवलीय, हरभऱ्याला घाटे धरलेत. डोक्यावर आंबिलाचं बिंदगं घेऊन या धुऱ्यावरून येणारा माणूस काल दुपारपर्यंत एकशे ऐंशी आसनांचं विमान चालवत होता.

आज मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे तिला येळवसच म्हणतात. आज गावं रिकामी आणि शिवारं भरलेली. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, दुकानांना कुलपं लागतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणाच्या तरी कोपीवरचं आवतन असतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, आणि डाल्यात बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर.

[दृश्य: कॅप्टन बिंदगं उतरवतात, तांब्याभर आंबील पितात. चेहरा जवळून]

उद्या पहाटे ड्युटी असती तर कॅप्टननी ही आंबील तोंडाला लावली नसती. उड्डाणाआधी वैमानिकाला नळीत फुंकून श्वासचाचणी द्यावी लागते. आंबवलेल्या पदार्थाची जोखीम ते घेत नाहीत. आज घेतली, कारण उद्याही सुट्टी आहे. हे दोन दिवस त्यांना कुणी मेहेरबानीनं दिलेले नाहीत. ते त्यांनी संगणकावर मागून घेतले. कसे मागितले, तेच बघायला आम्ही या कोपीपर्यंत आलो.

[दृश्य: कोपीसमोर घोंगडी. वडील, कॅप्टन, परभणीची फर्स्ट ऑफिसर, उदगीरचे निवृत्त कॅप्टन]

घोंगडीवर चौघं बसलेत. यजमान कॅप्टन, त्यांचा बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते ठाणं, हैदराबाद. पलीकडे परभणीची तरुण फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, मुंबई बेसवर दुसऱ्या कंपनीत. काल संध्याकाळची ड्युटी संपवून रात्रीच्या गाडीनं लातूरला उतरली आणि तशीच शेतात आली. तिसरे उदगीरचे. आखाती देशातल्या एका मोठ्या कंपनीत वर्षानुवर्षं विमानं उडवून आता घरी परतलेत, सगळे त्यांना सर म्हणतात. आणि कोपीला टेकून बसलेले कॅप्टनचे वडील. एसटीत ड्रायव्हर होते.

विषय निघाला तो वडिलांच्या प्रश्नावरून. ‘‘तुमच्याकडं ड्युटी लावतं कोण रं? कंट्रोलर कोण हाय?’’

एसटीतल्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. त्यांच्या डेपोत ड्युटीचा फळा असायचा. संध्याकाळी त्याच्यापुढं गर्दी व्हायची. कुणाला दिवसपाळी, कुणाला लांब पल्ला, कुणाला मुक्कामी गाडी. मुक्कामी म्हणजे शेवटच्या गावात रात्री गाडी लावायची, तिथंच मिळेल त्या जागी पाठ टेकायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. वडील म्हणतात, ‘‘मर्जीतल्याला सरळ गाडी, आमाला मुक्कामी.’’ पोराच्या बारशालाही ते मुक्कामीवरच होते. ते पोर आता शेजारी बसून हरभऱ्याचे घाटे सोलतंय.

मुक्कामी गाडीला विमानात लेओव्हर म्हणतात. हॉटेल बरं असतं, एवढाच फरक.

[दृश्य: घोंगडीवर मांडलेले हिरवे हरभरे. वरून]

आता हे नीट बघा. कॅप्टननी घोंगडीवर तीस हरभरे ओळीनं मांडलेत. हा महिना. शेजारी कडब्याची कांडं मोडून ठेवलीत, काही एका दाण्याएवढी, काही तीन-चार दाणे झाकतील एवढी. एक कांडं म्हणजे एक पेअरिंग. बेसवरून निघायचं, दोन-चार सेक्टर, म्हणजे दोन-चार उड्डाणं करायची, कुठंतरी मुक्काम करायचा आणि बेसवर परत यायचं, हा सगळा एक तुकडा. महिन्याची सगळी उड्डाणं अशी कांड्यांत बांधली जातात. ती माणसांना वाटायची, की झालं रोस्टर, म्हणजे महिन्याचा ड्युटीचा तक्ता.

वाटायच्या तऱ्हा तीन. आपल्याकडची नेहमीची तऱ्हा म्हणजे कंपनी वाटते. महिनाअखेरीला फोनवर रोस्टर येतं, त्यात जे असेल ते. एखादी रजा, एखादी विनंती टाकता येते. मिळाली तर मिळाली.

दुसरी तऱ्हा अमेरिकेत पिढ्यानपिढ्या चालली. कंपनी कांडी जोडून महिन्याच्या अख्ख्या ओळी तयार करते, तिला लाइन म्हणतात. कॅप्टननी घोंगडीवर चार ओळी मांडून दाखवल्या. सगळ्यात जुन्या वैमानिकानं आधी उचलायची, मग त्याच्या खालच्यानं, मग त्याच्या खालच्यानं. बाजारात भाजीचे वाटे लावलेले असतात ना, तसं. वाटा अख्खा उचलायचा, त्यातला किडका टोमॅटो बाजूला काढता येत नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे प्रेफरेन्शियल बिडिंग सिस्टिम, पीबीएस. यात तयार वाटा नसतोच. प्रत्येकानं आधी आपली पसंती भरायची. मला बुधवार-गुरुवार सुट्टी हवी. पहाटे पाचच्या आधीचं रिपोर्टिंग नको. रात्रीचं उड्डाण चालेल, पण लागोपाठ दोन रात्री नकोत. मुक्काम पुण्याचा असेल तर आनंदानं. कुठल्या मागणीला किती वजन तेही सांगायचं. मग संगणक सीनियॉरिटीत सगळ्यात वरच्या क्रमांकापासून सुरू करतो, त्याच्या पसंतीनं त्याचा महिना भरतो आणि खाली येतो. अट एकच. शेवटी एकही कांडं शिल्लक राहता कामा नये. विमान तर उडायलाच हवं.

लिहायला सोपं, करायला महाकठीण. शेकडो माणसं, हजारो कांडी आणि प्रत्येकावर विश्रांतीच्या नियमांचा पहारा. वर्षाला एक हजार तासांच्या वर उडायचं नाही, त्याखाली महिन्याच्या आणि आठवड्याच्या मर्यादा. कॅनडातल्या माँट्रियल आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गणितज्ञांनी यावर वर्षं घालवली, कंपन्या काढल्या. अमेरिकेतल्या डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या मोठ्या कंपन्यांचे वैमानिक आता अशीच पसंती भरतात.

[दृश्य: कॅप्टनच्या बोटाखालचा एक दाणा]

हा एक दाणा म्हणजे येळवस. कॅप्टनच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर होती, आणि मिळाली. सीनियॉरिटीत ते मधोमध आहेत. दिवाळी मागितली असती तर त्यांच्यावरच्या शंभर जणांनी ती आधीच नेली असती. येळवस कुणाला हवी आहे? केरळच्या कॅप्टनला ओणम हवा, पंजाबच्या कॅप्टनला लोहडी हवी, आणि मार्गशीर्षातली ही अमावस्या अख्ख्या बेसवर या एकट्याशिवाय कुणाच्या कॅलेंडरात नाही. ज्याची किंमत फक्त आपल्यालाच आहे ते मिळवायला भांडावं लागत नाही, फक्त कुणीतरी विचारावं लागतं. वडिलांच्या फळ्यानं त्यांना कधी विचारलं नाही. आम्हाला या पद्धतीत हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, आणि ती वाटते हे लपवायचं कारण नाही.

सरांना मात्र हे सगळं इतकं गोड वाटत नाही.

[दृश्य: सर दोन कांडी एकमेकांवर ठेवतात]

त्यांनी घोंगडीवर एक कांडं असं ठेवलं, की त्याची शेपटी रजेच्या दाण्यावर आली. जुन्या लाइन पद्धतीत अमेरिकेतल्या काही कंपन्यांचे वैमानिक मुद्दाम अशीच लाइन उचलायचे. ड्युटी रजेवर किंवा मागच्या महिन्याच्या ड्युटीवर चढली, की ते कांडं गळून पडायचं, पगार मात्र मिळायचा. कराराच्या भाषेत सांगायचं तर पगारी सुट्टी. पीबीएसमध्ये संगणकाला रजा आधीच दिसते, तो तिथं कांडं ठेवतच नाही. सर म्हणतात, ‘‘कंपनीला ही पद्धत का आवडते, ते इथं आहे. तेवढीच विमानं कमी माणसांत उडतात. पसंती तुझी, पण वाचलेला पैसा कुणाचा?’’

प्रश्न रोखठोक आहे. वैमानिकांच्या संघटनांनी या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाटाघाटी ताणल्या, मालवाहू कंपन्यांतल्या वैमानिकांनी तर लाइन बराच काळ सोडलीच नाही. ज्यांनी पीबीएस घेतलं त्यांनीही बदल्यात काहीतरी मागूनच घेतलं. सुट्ट्यांची किमान संख्या, संगणकाच्या नियमांत संघटनेचा शब्द, आणि नकाराचं कारण छापून देण्याची सक्ती.

धाकटी, म्हणजे परभणीची फर्स्ट ऑफिसर, इतका वेळ गप्प होती. आता ती सरळ बोलली.

[दृश्य: फर्स्ट ऑफिसर चार मूठ दाणे चार ठिकाणी ठेवते]

‘‘दादा, तुम्ही मधोमध आहात म्हणून तुम्हाला बरं वाटतंय. सगळ्यात खाली कोण आहे ते बघा.’’ तिनं वरच्या तिघांना त्यांच्या आवडीची कांडी वाटून टाकली. उरली ती सगळी चौथ्याच्या दाण्यांवर. शनिवार, रविवार, पहाट, मध्यरात्र. चौथ्यानंही पसंती भरली होती, पण कांडं शिल्लक ठेवायचं नाही या अटीपुढं ती पुसली गेली. त्याला संगणकानं विचारलं आणि ऐकलं नाही. तिच्या मते हे न विचारण्याहून जास्त लागतं. आणि कंपनी बदलली की रांगेच्या शेपटीला जावं लागतं, म्हणून माणूस वाईट रोस्टर सोसत तिथंच राहतो.

यावर सरांनी जे सांगितलं ते धाकटीनं फोनमध्ये लिहून घेतलं. आखातातल्या त्यांच्या कंपनीत सीनियॉरिटीची एकच उभी रांग नव्हती. वैमानिकांचे गट पाडलेले होते आणि प्राधान्य दर महिन्याला फिरायचं. या महिन्यात तुमचा गट वर, मग एकेक पायरी खाली, की पुन्हा वर. वडिलांना हे लगेच पटलं. पाटाचं पाणी पाळीनं येतं तसं, म्हणाले. ज्याची पाळी त्याचं पाणी, मग तो टेलचा असो की हेडचा. आम्हालाही हेच न्यायाचं वाटतं.

[दृश्य: लातूर–जहीराबाद रस्ता, गाडीच्या काचेतून. रात्र]

कॅप्टन या रस्त्यानं हैदराबादला जातात. सुमारे तीनशे किलोमीटर. हा प्रवास ड्युटीत मोजला जात नाही. पहाटेचं रिपोर्टिंग असेल तर आदल्या दिवशीच निघावं लागतं, म्हणजे कागदावरच्या सुट्टीतला अर्धा दिवस रस्त्यावर जातो. म्हणून त्यांच्या पसंतीत दुसऱ्या क्रमांकावर कायम एकच ओळ असते. सुट्टीनंतरची पहिली ड्युटी दुपारची हवी. कंपनीला यात एका पैशाचा खर्च नाही. रोस्टर बनवणाऱ्याला हे आपणहून कधी सुचलं नसतं, कारण त्याला औसा माहीत नाही.

थकव्याबद्दल कायदाही आता कडक झालाय. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं जानेवारी २०२४मध्ये नवे नियम आणले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्र मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत, आणि रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोनच. कंपन्यांनी विरोध केला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची रोस्टरं कोलमडली, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि काही नियमांना तात्पुरती सूट द्यावी लागली.

संगणकावर सगळं सोडलं तर काय होतं, तेही एकदा दिसलंय. नोव्हेंबर २०१७मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वेळापत्रकाच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि नाताळच्या आठवड्यांत मागेल त्याला सुट्टी मिळाली. साधारण १५ हजार उड्डाणांना वैमानिक उरले नाहीत. त्या ड्युट्या घेणाऱ्यांना कंपनीनं ताशी दीडपट मोबदला देऊ केला. सर हे सांगताना वडील लक्ष देऊन ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, ‘‘म्हंजे मान्सानं मान्साला इचारावंच लागतंय.’’

[दृश्य: संध्याकाळ. पेटलेली कडब्याची पेंढी घेऊन शेताभोवती धावणारा कॅप्टन]

[दहा सेकंद निवेदन नाही]

[दृश्य: घोंगडी. फोनचा उजेड धाकटीच्या चेहऱ्यावर]

कॅप्टनचा फोन तिच्या हातात आहे. तिच्या कंपनीत अजून असं काही नाही. पसंतीचं पान उघडं आहे, मुदत संपेपर्यंत ते बदलता येतं. तिनं मागच्या महिन्याचा अहवाल काढला. मिळालेल्या मागण्यांपुढं हिरवी खूण, न मिळालेल्यांपुढं कारण. ‘वरच्या क्रमांकाला दिले.’ ‘विश्रांतीच्या नियमात बसत नाही.’ दोन्ही ओळी तिनं दोनदा वाचल्या.

शिवरात्रीला आईला परळीला न्यायचंय, असं कॅप्टन सकाळीच बोलले होते. ते अजून शेताच्या त्या कडेला आहेत. धाकटीनं हाक मारली, ‘‘दादा, शिवरात्र एक नंबरला टाकू का?’’

लांबून हात वर झाला.

घोंगडीवरची कांडी आईनं गोळा करून चुलीकडं नेली. हरभरे उचलायला ती वाकली, तोवर त्यातला एक धाकटीच्या तोंडात गेला होता.