काचेच्या टाकीतला सकर मासा कृष्णेत सोडू नका

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुमच्याशी एका माशाबद्दल बोलणार आहे, आणि आधीच सांगते की यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायला मला तोंड नाही.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. मुलीच्या हट्टापायी घरी दोन फुटी फिश टँक आणला, त्यात गोल्डफिश, गप्पी, आणि दुकानदार म्हणाला ताई हे दोन सकर पण न्या, काच चाटून साफ ठेवतात, तुम्हाला टाकी धुवायला नको. बोटाएवढे होते, काळे-तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे, तोंड खालच्या बाजूला, दिवसभर काचेला चिकटून. दोन वर्षांत ते वीतभराच्या वर गेले. मग काच साफ करणं राहिलं बाजूला, घाणच जास्त करायला लागले, रात्री टाकीत नुसता धडधड आवाज. मारवेना. मग काय, एका रविवारी बादलीत घालून घाटावर नेले आणि कृष्णामाईत सोडले, मुलीने हात जोडले, मलाही वाटलं चला, मुक्या जिवाला मोकळं केलं, पुण्य लागेल.

मागच्या उन्हाळ्यात हरिपूरला संगमावर गेले होते. तिथं एक ओळखीचे तात्या जाळं सोडवत बसलेले, आयुष्य नदीत गेलेला माणूस. जाळ्यात हाच मासा, दीड फुटाचा. म्हणाले, बाई, बघा ह्याचे काटे, जाळ्याची दोन हात चाळण केलीय, आणि बाजारात ह्याला कुत्रं विचारत नाही. तो मी सोडलेल्यांच्या वंशातला का दुसऱ्या कुणाच्या टाकीतला ते देव जाणे, पण मी त्या दिवशी तात्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही.

तर हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन, ओरिनोको अशा नद्यांमधला. शास्त्रीय नाव प्टेरिगोप्लिक्थिस. अंगावर मऊ खवले नाहीत, हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत आहे, आणि पाठीवरचे-बाजूचे काटे तो ताठ करून तसेच अडकवून ठेवू शकतो. तिकडे त्याला खाणारे आहेत, पाणमांजरं, मगरीच्या जातीतले केमन, मोठे मासे, माणसंही भाजून खातात, म्हणून तिथं तो हिशोबात राहतो. आपल्याकडे हे चिलखत फोडून त्याला खाणारं फारसं कुणी नाही.

आणि त्याची खरी ताकद ऐका. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की तो वर येऊन हवा गिळतो आणि पोटातूनच ती हवा रक्तात घेतो. आता आपल्या नदीचं उन्हाळ्यात काय होतं ते सांगलीकरांना मी काय सांगू, पाणी हिरवं पडतं, वास मारतो, मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागतात. आपल्या मरळीसारखा हवा घेणारा मासा एखादवेळेस टिकतो, बाकीचे जातात, आणि हा पाहुणा मजेत असतो. म्हणजे नदी आपण जितकी घाण करू तितकं त्याचं फावतं.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचते. हा मासा काठाच्या मातीत बीळ करतो, हात-दोन हात खोल, आत मादी अंडी घालते, शेकड्यांनी, आणि नर राखण करत बसतो. फ्लोरिडात, मेक्सिकोत अशा बिळांनी काठ ढासळलेत. आपली कृष्णाकाठची मळी आठवा, ज्या काळ्या मातीत वांगी पिकतात ती. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा किती मळी वाहून गेली ते शेतकऱ्याला विचारा, त्यात अजून आतून पोखरणारा मासा आपणच आणून सोडायचा का?

हे फक्त आपलंच नाही. मेक्सिकोत इन्फिएर्निलो नावाचं धरण आहे, तिथं चिलापीची मोठी मासेमारी चालायची, तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात नंतर चिलापीपेक्षा हाच जास्त यायला लागला. फिलिपाइन्समध्ये त्याला जॅनिटर फिश म्हणतात. बांगलादेशाने २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. आणि लांब कशाला, आपल्या उजनीत तो आहे, खाली आंध्रात कृष्णेतच आहे, तिथले मच्छीमार त्याला डेव्हिल फिश म्हणतात. एकदा नदीत रुळला की काढता येत नाही, ते अजून कुणालाच नीट जमलेलं नाही.

मग घरात मासा मोठा झाला तर करायचं काय? आधी घेतानाच विचारा, हा केवढा होतो, किती जगतो. सकर दहा-पंधरा वर्षं जगतो, दीड फूट होतो, दोन फुटी टाकी त्याची नव्हेच. घेतला असेलच तर दुकानात परत घेतात का विचारा, फुकट द्या, मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. नदी, ओढा, विहीर, शेततळं, कालवा, कुठेच सोडू नका, पावसात सगळं पाणी शेवटी एक होतं. आणि मच्छीमार भावांनो, जाळ्यात आला तर कृपा करून परत पाण्यात टाकू नका, काठावर नुसता फेकूनही देऊ नका, कारण तो पाण्याबाहेर तासन्‌तास तग धरतो आणि सरपटत परत पाण्यात जातो. फोटो काढा, मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसला कळवा, मासा मारून लांब खड्ड्यात पुरा.

आणि एक, कुणाला द्यायला नेताना त्याला दुकानातल्यासारखं प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका, काट्यांनी पिशवी फाटते. झाकणाची बादली घ्या, पाणी अर्धंच भरा, झाकणाला हवेपुरती भोकं पाडा आणि वर एक वीट ठेवा, उडी मारतो तो.