दोन पुस्तकं आणि एक कार सीट

नमस्कार श्रोतेहो.

गाडी घेतली की ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जाडजूड मॅन्युअल येतं. आमच्याकडे त्याचं प्लास्टिकचं वेष्टनही तीन वर्षं शाबूत होतं. ते फाडलं विमानतळाच्या पार्किंगमध्ये, रात्री दोन वाजता. भाची अमेरिकेहून आली होती, सोबत आठ महिन्यांचं बाळ आणि बाळाची कार सीट. तिच्या हातात सीटचं पुस्तक, माझ्या हातात गाडीचं, आणि दोन्हींचा मेळ काही बसेना.

तिचं पुस्तक सांगत होतं, गाडीचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा, मग सोडा. तो टिकटिक करत मागे जाईल आणि लॉक होईल. आम्ही ओढला. तो मुकाट परत गेला. "मामा, तुमचा पट्टा बिघडलाय." पट्टा ठणठणीत होता. अमेरिकेत ही लॉक होण्याची सोय १९९०च्या दशकाच्या मध्यापासून नियमानेच द्यावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक पट्ट्यांत ती नसते. ते फक्त हिसका बसला की अडकतात. म्हणून इथे पट्ट्याने बसवायच्या अनेक सीटना पट्टा आवळून धरणारा स्वतःचा चिमटा असतो. आमची सुटका केली सीटच्या हुकांनी. मागच्या सीटच्या फटीत, २८ सेंटिमीटर अंतरावर, दोन आयसोफिक्स दांडे असतात, म्हणजे बालसीट पट्ट्याशिवाय थेट गाडीला अडकवायची सोय. त्यांत ते हुक अडकले.

दुसऱ्या दिवशी मी ते मॅन्युअल चहाबरोबर वाचायला घेतलं. त्यात एक तक्ता होता. उभ्या रकान्यांत गाडीतल्या जागा, आडव्या ओळींत मुलांचे वजनगट, जसं १३ किलोपर्यंत किंवा ९ ते १८, आणि चौकटींत नुसती इंग्रजी अक्षरं. 'यू' म्हणजे त्या गटाची कुठलीही युनिव्हर्सल, म्हणजे ठरावीक गाड्यांपुरती नसलेली, सीट चालेल. 'यूएफ' म्हणजे युनिव्हर्सल, पण फक्त पुढे तोंड करून बसणारी. घाईत पाहिलं तर दोन्ही सारखीच वाटतात, आणि तान्ह्या बाळाची सीट तर मागे तोंड करून बसवायची असते. 'एल' असेल तर सोबतच्या यादीतल्या सीटच चालतात. 'आयएल' हे त्याचंच आयसोफिक्स रूप: दांडे आहेत म्हणून कुठलीही सीट चालेल असं नाही. 'एक्स' म्हणजे तिथे नको. सीटचं पुस्तक मधली जागा सर्वांत चांगली म्हणत असेल आणि तक्त्यात मध्ये 'एक्स' असेल, तर 'एक्स'चंच ऐकायचं.

पुढच्या सीटबद्दल फार बोलायला नको. समोर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट तिथे कधीच ठेवायची नाही. सनव्हायझरवरचं फुलीचं चित्र तेच सांगतं.

खरी गंमत तक्त्याबाहेर, बारीक टायपात असते. काही सीटना पुढे एक पाय असतो, तो गाडीच्या तळावर टेकतो. तळाखाली सामानाचा कप्पा असेल, तर त्याच्या झाकणावर पाय टेकवू नका असं काही मॅन्युअल बजावतात, कारण ते झाकण तेवढा भार पेलत नाही. हे वाक्य मला भलत्याच पानावर सापडलं. बालसीटच्या वरच्या टोकाला मागे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचंही तसंच. तो अडकवायचा गाडीतला हुक कुठे मागच्या सीटच्या पाठीला, कुठे डिकीच्या तळाला असतो, आणि शेजारीच सामान बांधायची कडी असते, दिसायला जवळजवळ तशीच. हुकाजवळ जहाजाच्या नांगराचं चिन्ह शोधा. मी आधी कडीलाच हुक समजलो होतो.

सीट बसली की पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळायची.

कायद्याचंही सांगतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बीप्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालसीटने सुरक्षित नसेल तर एक हजार रुपये दंड आहे.

मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. शोधताना गाडीच्या नावाबरोबर वर्षही घाला. नाव तेच राहतं, पण नव्या पिढीत हुकची जागा बदललेली असू शकते.