बीपी आणि डोळ्याचा पडदा

तासगाव तालुका, जिल्हा सांगली. शिबिरात आलेले बहुतेक जण मोतीबिंदू दाखवायला आलेत. बीपीसाठीही डोळे तपासायचे असतात, हे कुणाच्या गावीही नाही.

आधी बीपी. पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसायचं, पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला. नुकताच चहा झाला असेल, मिश्री लावली असेल, किंवा पट्टा दंडाला लहान पडत असेल, तर आकडा चढाच येतो.

मग डोळ्यात ट्रॉपिकामाइड या औषधाचे थेंब. जरा चुरचुरतं. 20 ते 30 मिनिटांत बाहुली मोठी होते, आणि डोळ्याच्या आत मागच्या पडद्यावर, चिरफाड न करता, शरीरातल्या रक्तवाहिन्या थेट दिसतात.

हा बीपीच्या एका रुग्णाच्या पडद्याचा फोटो. बारीक, लालभडक ती धमनी. जाड, गडद ती शीर. निरोगी डोळ्यात त्यांच्या जाडीचं प्रमाण साधारण 2:3. इथं धमनी पार आवळलीय. ती शिरेवरून जाते तिथं शीर चिमटल्यासारखी दिसते. हे कापसासारखे ठिपके म्हणजे रक्त न पोचलेली जागा.

हे होतं कसं? बीपीच्या अनेक रुग्णांत अँजिओटेन्सिन-2 हे संप्रेरक रक्तवाहिनीच्या अस्तरातलं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम चेतवतं. त्यातून सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप, तयार होतं. रक्तवाहिनी सैल ठेवायचं काम नायट्रिक ऑक्साइड या वायूचं. सुपरऑक्साइड त्यालाच गाठतं आणि दोघांचं पेरॉक्सिनायट्राइट बनतं. सैल करणारा वायू घटला, वर जे बनलं ते अस्तरालाच पोळतं. धमनी आवळते, अस्तर झिरपू लागतं. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण.

मग हा ताण घटवायला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्यायच्या का? त्यावर पैसे घालवू नका. सांगलीत हळदीला काय तोटा, पण चमचाभर हळद बीपीच्या गोळीची जागा घेत नाही. पडदा सावरतो तो बीपी आटोक्यात आल्यावर.

असं झिरपलेलं पाणी पडद्याच्या मध्यभागी साचलं की नजर अधू होते.

डोळ्याची नस, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू, सुजलेली दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. जिभेखाली गोळी धरून बीपी एकदम पाडायचं नाही, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो.

तपासणीच्या दिवशी बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायचीच. काचबिंदू असेल तर थेंब घालण्याआधी सांगायचं. नंतर 4 ते 6 तास जवळचं अंधुक दिसतं, उन्हात डोळे दिपतात. त्यामुळं गाडी चालवायला कुणाला तरी सोबत आणायचं.