स्क्वॉल, हायवे आणि मागचे दिवे

(पेनसिल्व्हेनियातल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात झालेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. संक्रांतीला अपघातांचा विषय कशाला, असं समितीतल्या वहिनींनी मला विचारलं. मी म्हटलं, वहिनी, निम्मं मंडळ तिळगूळ घ्यायला एटी-वनवरूनच, म्हणजे आय-८१ हायवेवरूनच येतं. मग आजच बोलायला हवं.

२८ मार्च २०२२ हा दिवस इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. मार्च संपत आला होता, हिवाळा गेला असंच सगळे धरून चालले होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास स्कूकल काउंटीत, मायनर्सव्हिलच्या एक्झिटजवळ आय-८१वर स्नो स्क्वॉल, म्हणजे अचानक येऊन थोड्याच वेळात निघून जाणारं बर्फाचं वादळ आलं आणि गाड्या एकमेकींवर आदळत गेल्या. ऐंशीच्या आसपास गाड्या, त्यांत कितीतरी मोठे ट्रक. आगी लागल्या. सहा माणसं गेली. ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पांढऱ्या पडद्यातून एक ट्रक येतो, धडकतो, आणि त्याच्या मागून दुसरा येतच असतो.

मला सांगायचंय ते एवढंच, की आपण चुकीच्या बर्फाला घाबरतो. फूटभर बर्फ पडणार असेल तर दोन दिवस आधी कळतं. शाळा बंद होतात, आपण दूध-ब्रेड आणून घरात बसतो. स्क्वॉलमध्ये इंच-दोन इंचांवर बर्फ सहसा साठत नाही, आणि माणसं मरतात ती त्याच्यात. कारण त्या दिवशी सगळे रस्त्यावर असतात आणि सगळे सत्तर मैलांच्या वेगात असतात.

वळीव आठवतोय ना? इकडे लख्ख ऊन, तिकडे काळं आभाळ, आणि पाच मिनिटांत अंगणात पाणी. स्क्वॉल तसाच येतो, पण वळवाने रस्ता गोठत नाही. गार हवेचा लोट आत घुसतो. उन्हाने किंचित कोमट झालेल्या रस्त्यावर पहिला बर्फ वितळतो, तापमान झपाट्याने उतरतं आणि ते पाणी काही मिनिटांत काचेसारखं गोठतं. समोरचं दिसणं पाव मैलाच्या आत येतं, कधी दोन-चार गाड्यांच्या अंतरावर. पासष्ट मैलांच्या वेगाने गाडी एका सेकंदात पंच्याण्णव फूट जाते. दोनशे फुटांपर्यंतच दिसत असेल तर तुमच्या हातात दोन सेकंद. त्यातला दीड सेकंद पाय ब्रेकपर्यंत पोचण्यातच जातो.

आता दिव्यांविषयी. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण याचा मला मनापासून राग येतो.

मागे एकदा बिंगहॅम्टनहून परत येत होतो. भरदुपारी स्क्वॉल लागला. माझ्या पुढे राखाडी रंगाची गाडी होती, हे मला ती अगदी जवळ आल्यावर कळलं. मागे एकही दिवा नव्हता. वेग आधीच कमी केला होता म्हणून निभावलं. पुढे एका एक्झिटला दोघंही थांबलो. मी त्या गृहस्थांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो, माझे दिवे चालू आहेत!" पुढचे होते. मागचे नव्हते.

हे होतं कसं? बऱ्याच गाड्यांना दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे असतात. त्यांच्याबरोबर मागचे लागतीलच असं नाही. डॅशबोर्डही उजळलेला असतो, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं चालू आहे. आणि ते 'ऑटो' बटण अंधार मोजतं. स्क्वॉल पांढराशुभ्र असतो. सेन्सरच्या दृष्टीने बाहेर भरपूर उजेड आहे! मी नवी गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्या मुलाने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "सर, लाइट्सना हातही लावावा लागणार नाही." असं सांगून गाड्या विकल्या जातात, आणि गाडी मागून दिसते का, हे कुणी तपासत नाही. कॅनडाने यावर नियम केला. सप्टेंबर २०२१पासून तिथल्या नव्या गाड्यांत एक तर मागचे दिवेही लागले पाहिजेत, नाहीतर डॅशबोर्ड तरी अंधारा राहिला पाहिजे, म्हणजे ड्रायव्हरला कळेल. इथे तशी सक्ती नाही. आपल्या पेनसिल्व्हेनियात वायपर चालू तर हेडलाइट चालू, असा कायदा आहे. तो किती जण पाळतात, ते आज घरी जाताना बघा.

मागून हात दिसतोय. पाच मिनिटं? बरं. मसालेभात गार व्हायला नको.

एक गोष्ट मात्र घाईघाईने सांगतोच. ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणं, गाडी जागची हलायला मदत करतं, थांबायला नाही. एसयूव्हीवाल्यांनी हे लक्षात ठेवा. ११ फेब्रुवारी २०२१ला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला पहाटे अंधारात नुसती गोठणारी भुरभुर होती. तेवढ्यावर आय-३५वर एकशेतीसहून जास्त गाड्या आदळल्या आणि सहा जण गेले. रस्ता उंचावरचा होता. पुलाला खालूनही गार हवा लागते, म्हणून पूल आधी गोठतो.

आता काय करायचं, ते. २०१८पासून हवामान खातं स्नो स्क्वॉलचा वेगळा इशारा देतं, तो फोनवर कर्कश वाजतो. वाजला की पुढच्या एक्झिटला उतरा. कॉफी प्या. स्क्वॉल बहुतेक वेळा तासाभराच्या आत निघून जातो. रस्ता मात्र त्यानंतरही निसरडा असतो, तेव्हा निघाल्यावरही सांभाळून. पोचायला उशीर होईल म्हणून हळदीकुंकू अडत नाही.

एक्झिट नसेल आणि सापडलातच, तर दिवे हाताने लावा, पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच काढा, ब्रेक दाबून धरू नका, लेन बदलू नका. चालत्या लेनमध्ये थांबू नका. मागून येणारा ट्रक ऐंशी हजार पौंडांचा असू शकतो, त्याने कितीही प्रयत्न केला तरी तो तेवढ्यात थांबणार नाही. धडक झाली आणि गाडी चालत असेल, तर रस्त्यातून बाहेर न्या. चालत नसेल तर पट्टा सोडू नका. रस्त्यापासून लांब, गार्डरेलच्या पलीकडे सुखरूप जाता येईल अशी खात्री असेल तरच उतरा. फोटो काढायला दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहू नका. विंटर टायरचं राहिलं, ते जेवताना विचारा.

आणि ज्यांना आपल्या गाडीचे मागचे दिवे कुठल्या खिट्टीने लागतात हे माहीत नसेल, त्यांनी ताट घेण्याआधी माझ्याबरोबर पार्किंगमध्ये चला. एकाने आत बसायचं, एकाने मागे उभं राहायचं. दोन मिनिटांचं काम आहे.