चाळिशीतील कोलेस्टेरॉल, सत्तरीतील स्मृती

(दृश्य: इतवारीची किराणा ओळ. काष्ठौषधींचे दुकान, बरण्या, तराजू.)

नागपूरच्या इतवारीत ब्राह्मी, शंखपुष्पी, अर्जुनसाल आणि गुग्गुळ एकाच दुकानात मिळतात. कोणी रक्तातील कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून त्या नेतो, तर कोणी आईची किंवा वडिलांची हरवू लागलेली स्मृती परत यावी म्हणून. या दोन चिंता वरवर वेगळ्या दिसत असल्या तरी वैद्यकशास्त्राने त्या आता एकमेकींशी जोडल्या आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी प्रसिद्ध केली आणि तीत मध्यमवयात वाढलेल्या एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचा प्रथमच समावेश केला. जगातील सुमारे ७ टक्के स्मृतिभ्रंश या एका कारणाशी निगडित असल्याचा त्यांचा अंदाज आहे. भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे. त्यामुळे हा प्रश्न बहुतेक घरांच्या उंबऱ्यापाशी येऊन ठेपला आहे.

(दृश्य: मेंदूची आकृती, चेतातंतूंवरील आवरण.)

कोलेस्टेरॉल हा मेंदूचा शत्रू नव्हे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असतो, पण शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे २० टक्के त्याच्याजवळ असते आणि त्यातील बहुतांश चेतातंतूंवरील मायेलिन या आवरणात असते. रक्तातील एलडीएल मेंदूत सहसा शिरत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधील पडदा त्याला अडवतो. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो आणि अॅपोई नावाच्या प्रथिनावर लादून ते पेशींपर्यंत पोहोचवतो. या प्रथिनाचा ई-४ हा प्रकार ज्यांच्याकडे वारशाने येतो, त्यांना उतारवयात अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा आजार, होण्याचा धोका अधिक असतो, हे १९९३ साली स्पष्ट झाले.

मग रक्तातील एलडीएल मेंदूला इजा करते तरी कशी? याचा सर्वांत ठोस मार्ग रक्तवाहिन्यांतून जातो. वाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे जाड होत जातात, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि लहानलहान आघात नकळत साचत राहतात. हे नुकसान चाळिशी-पन्नाशीत सुरू होते, म्हणून वयाचा मुद्दा कळीचा ठरतो. सत्तरीच्या आसपास स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू करून स्मृतिभ्रंश टळतो, असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांपासून मात्र ते निश्चित संरक्षण देते.

(दृश्य: गुग्गुळाचे खडे; काटेरी झुडूप.)

आता वनस्पतींकडे वळू, आणि गुग्गुळापासूनच सुरुवात करू, कारण त्याची कहाणी सर्वांत बोधप्रद आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या, म्हणजे चरबी वाढण्याच्या विकाराच्या वर्णनाचा धागा पकडून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातील चरबी उतरते, असे १९६६ साली मांडले. ग्रंथातील विधान प्रयोगशाळेत तपासण्याचे ते धैर्य आजही आदराने आठवावे असे आहे. पुढे गुग्गुळाच्या अर्कापासून भारतात औषधही तयार झाले. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ प्रौढांवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. शिवाय जंगलातील गुग्गुळाचे झुडूप आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे.

ब्राह्मीच्या बाबतीत आधी कोणती ब्राह्मी, हे विचारावे लागते, कारण जलब्राह्मी आणि मंडूकपर्णी या दोन वेगळ्या वनस्पती त्याच नावाने विकल्या जातात. जलब्राह्मीने निरोगी माणसांची स्मरणशक्ती थोडी सुधारल्याचे लहान चाचण्यांत दिसले आहे, पण स्मृतिभ्रंश तिने थांबतो असा पुरावा नाही. जिंको या वृक्षाच्या पानांच्या अर्काची तपासणी तर ७५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांवर झाली आणि स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी त्याचा उपयोग नसल्याचे २००८ साली निष्पन्न झाले.

(दृश्य: भाजलेली जवस, खलबत्ता, ताटातील चटणी.)

परिणाम देणाऱ्या वनस्पती मात्र आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. इसबगोलाची भुशी आतड्यातील पित्ताम्ल, म्हणजे यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते ते पाचक द्रव्य, धरून ठेवते. ते भरून काढण्यासाठी यकृत रक्तातून कोलेस्टेरॉल ओढून घेते आणि एलडीएल काही टक्क्यांनी उतरते. भुशी भरपूर पाण्यासोबतच घ्यावी. विदर्भाच्या शेतात पिकणारी जवसही याच कामाची आहे, पण कुटून खाल्ली तर, कारण अख्खे दाणे न पचता निघून जातात आणि नुसत्या तेलात हे काम करणारे तंतुमय पदार्थ उरत नाहीत. जवसाची चटणी जेवणात रोज असावी, असे आम्ही मनापासून सुचवतो. तेलाच्या पिशवीवरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला मात्र भुलू नये. सरकी असो वा सोयाबीन, वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच.

अल्झायमरवर दिले जाणारे गॅलँटामाइन हे औषध स्नोड्रॉप या फुलझाडापासून मिळाले आणि २००१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आजार थांबवत नाही, काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरते. स्टॅटिनचा उगमही बुरशीत आहे. तेव्हा निसर्गातून आलेले विरुद्ध रसायन असा हा वादच नाही. कोणत्या पदार्थाची मात्रा मोजली गेली आणि परिणाम तपासला गेला, एवढाच प्रश्न आहे. नागपूरकरांना पडणाऱ्या एका शंकेचे उत्तरही द्यायला हवे: काही स्टॅटिनसोबत वर्ज्य असते ते ग्रेपफ्रूट; आपले संत्रे निर्धास्त खावे.

(दृश्य: शासकीय रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग.)

घरातील कोणी वारंवार विसरू लागले, तर चूर्ण आणण्याआधी नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्या कमतरतेने येणारा विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो. चाळिशी ओलांडलेल्या मुलामुलींनी त्याच फेरीत स्वतःचे लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी, करून घ्यावे. जाताना घरातील सर्व चूर्णे, काढे आणि गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. जिंकोसारख्या काही वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो, आणि रुग्ण आणखी काय घेतो आहे हे पाहिल्याशिवाय तो धोका डॉक्टरांच्या ध्यानात येणार नाही.